गाडीची काच फुटली, इन्शुरन्समधून ओरिजिनल मिळेल का? सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्याकडे काचेचे फोन वाढतात. पुढं उसाची डबल ट्रॉली, तिला ओलांडायला जावं तर समोरून खडीचा डंपर, आणि काचेवर टक्‌ असा आवाज. पुणे रस्त्याला मोहोळच्या पुढं असो, विजापूर रोडला असो, नाहीतर गुरुवारी अक्कलकोटला दर्शनाला निघालेली गाडी असो, फोनवरचा प्रश्न ठरलेला: "इन्शुरन्समधून कंपनीचीच काच बसेल ना, का लोकल टाकतील?" विम्याच्या कामात रोज हेच ऐकतो, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली. सगळं खासगी कारबद्दल आहे. पिवळ्या पाटीच्या गाड्यांच्या पॉलिसीची कलमं वेगळी असतात, ती इथं लावू नका.

गाडीचा इन्शुरन्स चालू आहे. म्हणजे काच मिळणारच ना?

आधी पॉलिसी काढून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. मोटार वाहन कायद्यानं सक्तीची आहे ती थर्ड पार्टी; ती तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देते, तुमच्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा देत नाही. काच मिळते ती ओन डॅमेज भागातून, म्हणजे ज्याला आपण फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतो. पहिल्या पानावर ओन डॅमेज प्रीमियमपुढं आकडा आहे का, तेवढं बघितलं की झालं. गाडी चार-पाच वर्षांची झाल्यावर पैसे वाचवायला थर्ड पार्टीवर गेलेले बरेच जण काच फुटल्यावरच हा कागद पहिल्यांदा वाचतात.

पॉलिसीत 'ओरिजिनल काच देऊ' असं कुठं लिहिलेलं असतं?

कुठंच नसतं. खरी अडचण तिथंच आहे. खासगी कारच्या पॉलिसीचा मजकूर असा: गाडी किंवा तिचा भाग दुरुस्त करायचा, बदलून द्यायचा की रोख भरपाई द्यायची, हे विमा कंपनी ठरवणार, आणि दुरुस्ती असेल तर 'प्रत्यक्ष आणि वाजवी' खर्चापर्यंत जबाबदारी घेणार. पार्ट कुणी बनवलेला असावा, यावर एक शब्द नाही.

पण याच मजकुरात तुमची बाजूही आहे. वाजवी खर्च म्हणजे सगळ्यात स्वस्त खर्च, असं कुठं म्हटलेलं नाही. गाडीत जी काच होती तशीच काच बसवायला जो खर्च येतो तो वाजवी, हे तुम्ही मांडू शकता. फक्त ते काच बसायच्या आधी मांडावं लागतं. लोकल काच बसली, तुम्ही सही करून गाडी घरी नेली, आणि आठ दिवसांनी फोन केला, तर मग कुणी ऐकत नाही.

ओरिजिनल म्हणजे नेमकी कोणती? दुकानदार म्हणतो 'मालक, एकाच फॅक्टरीची आहे'.

दुकानदार खोटंच बोलतो असं नाही. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा यांच्यापैकी कुणी स्वतः काच ओतत नाही. आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर काच बनवणाऱ्यांत असाही इंडिया ग्लास आणि सेंट-गोबेन सेक्युरिट ही नावं येतात. सेंट-गोबेनचा कारखाना तर इथून जवळच, पुण्याकडं चाकणला आहे. त्यांच्याकडून काच गाडीच्या कंपनीला जाते आणि सुट्या बाजारातही येते. तेव्हा बाजारात तीन प्रकार सापडतात.

पहिला प्रकार गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेली, कंपनीच्या पार्ट नंबरनं, अधिकृत वर्कशॉपमधून मिळणारी. बहुतेक लोकांच्या मनातली 'ओरिजिनल' हीच. दुसरा प्रकार त्याच काचवाल्याची, पण गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेली. साध्या गाडीला ही उत्तम चालते आणि स्वस्त पडते. तिसरा प्रकार भलत्याच उत्पादकाची, गाडीच्या मापाला जुळवलेली. त्यात चांगल्याही असतात आणि वाकडं दाखवणाऱ्याही. रात्री समोरच्या दिव्यांचे दोन-दोन दिवे दिसायला लागले, किंवा ताशी ऐंशीला कडेनं शिट्टी वाजायला लागली, की समजायचं आपल्या वाट्याला वाईटातली आली.

'एकाच फॅक्टरीची' या वाक्याला माझा उलट प्रश्न असतो: मग बिलावर काचेच्या उत्पादकाचं नाव लिहून द्या. देणारा देतो. न देणारा विषय बदलतो.

प्रत्येक वेळी कंपनीच्याच काचेसाठी भांडायचं का?

नाही, आणि हे मी माझ्या ग्राहकांनाही सांगतो. जुनी व्हॅगनआर, साधी समोरची काच, ना सेन्सर ना कॅमेरा, तिथं दुसऱ्या प्रकारची काच नीट बसवून घ्या आणि मोकळे व्हा. दारकाच फुटली असेल तरी तेच.

भांडायचं ते पुढच्या गाड्यांत. समोरच्या काचेमागं, आरशाच्या जागी कॅमेरा आहे, म्हणजे गाडीत एडास आहे, म्हणजे चालवणाऱ्याला सावध करणारी आणि वेळ पडली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. एक्सयूव्ही ७००, हॅरियर, क्रेटा, सेल्टोस, अ‍ॅस्टर, होंडा सिटी यांच्या वरच्या मॉडेलमध्ये तो असतो. हा कॅमेरा काचेतूनच रस्ता बघतो. कॅमेऱ्यापुढचा पट्टा स्वच्छ, विकृतीविना आणि ठरल्या जाडीचा नसेल, ब्रॅकेट एखादा मिलिमीटर सरकलेला असेल, तर रस्त्यावरची पट्टी ओलांडल्याची सूचना किंवा आपोआप ब्रेक चुकीच्या वेळी लागू शकतो. रेन सेन्सर, आवाज कमी करणारा मधला थर, मागच्या काचेतल्या डिफॉगरच्या किंवा अँटेनाच्या तारा, यांपैकी काही असेल तरीही कंपनीची काच मागा. गाडी वॉरंटीत असेल तरी मागा. दगडानं फुटलेली काच वॉरंटीत येत नसली, तरी पुढं पाणी गळालं किंवा सेन्सर बिघडला की वर्कशॉपवाला पहिलं बोट बाहेरच्या काचेकडं दाखवतो.

ओरिजिनल मिळण्यासाठी नेमकं काय करायचं? क्रमानं सांगा.

फोटो आधी. गाडी जागेवरून हलवायच्या आत, नंबर प्लेट आणि काच एका चौकटीत येईल असा एक, तड्याचा जवळून एक, आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या छापाचा एक. हा शेवटचा फोटो कुणी काढत नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोगी तोच. फुटलेली काच कुणाची होती याचा तो पुरावा.

मग विमा कंपनीला कळवा, आणि कळवल्याशिवाय काच बदलू नका. पॉलिसीच्या छापील मजकुरात फक्त ५०० रुपयांपर्यंतचं काम स्वतःच्या अधिकारात करून घेण्याची मुभा आहे. आजच्या घडीला त्यात बीडिंग, म्हणजे काचेच्या कडेची रबरी पट्टीसुद्धा यायची नाही.

त्यानंतर एस्टिमेट, आणि सगळी लढाई याच कागदावर आहे. 'विंडशील्ड बदलणे, लेबर' असं एका ओळीत लिहिलेलं एस्टिमेट घेऊ नका. त्यावर ओळी अशा हव्यात: समोरची काच, कंपनीचा पार्ट नंबर, किंमत, बीडिंग आणि क्लिपा, चिकटवायचं केमिकल आणि प्रायमर, काढणं-बसवणं मजुरी, कॅमेरा असेल तर कॅलिब्रेशन (म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवणं), वेगळ्या रकमेसह. पार्ट नंबर कागदावर आला की सर्व्हेयर (नुकसान मोजायला विमा कंपनीनं नेमलेला माणूस) मंजुरी देतो ती त्या नंबरला. तो नसला की मंजुरी 'एका काचेला' मिळते, आणि मग कोणतीही काच चालते.

एस्टिमेट गेल्यावर विमा कंपनीच्या ईमेलवर आणि सर्व्हेयरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाका. मी ग्राहकांना देतो तो मजकूर असा:

"नमस्कार. क्लेम क्रमांक अमुक, गाडी क्रमांक एमएच १३ अमुक. समोरच्या काचेला कॅमेरा व रेन सेन्सर जोडलेले आहेत. फुटलेल्या काचेवरील उत्पादकाच्या छापाचा फोटो सोबत आहे. एस्टिमेटमधील पार्ट नंबरप्रमाणेच काच व कॅलिब्रेशन मंजूर करावे. दुसरी काच सुचवायची असल्यास उत्पादकाचे नाव व कारण लेखी कळवावे. लेखी उत्तर येईपर्यंत काम सुरू करण्यास माझी संमती नाही."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. बऱ्याचदा 'लेखी कारण' मागितल्यावरच मूळ एस्टिमेट मंजूर होऊन येतं, कारण कॅमेऱ्याच्या गाडीला दुसरी काच लावा असं स्वतःच्या नावानं लिहून द्यायला कुणी तयार नसतं.

सर्व्हेयरला बोलायचं कसं? ते लई घाईत असतात.

त्यांचाही दिवस चार वर्कशॉपमध्ये विभागलेला असतो. छोट्या क्लेमला हल्ली माणूस येतही नाही, मोबाईलवर लिंक येते आणि फोटो-व्हिडिओवर काम होतं. माणूस आला तर 'साहेब, ओरिजिनलच पाहिजे' एवढं म्हणून भागत नाही. काचेतला कॅमेरा दाखवा, छाप दाखवा, एस्टिमेटवरचा पार्ट नंबर दाखवा. सर्व्हेयर नुकसान मोजतो. मोजायला त्याला वस्तू लागते. आवाज चढवलात तर तो मान डोलावून निघून जातो आणि अहवालात स्वतःला वाटेल ते लिहितो.

कॅशलेस गॅरेज म्हणतं, 'अप्रूव्हल लोकलचंच आलंय, बसवू का?'

'थांबा' म्हणा. विमा कंपन्यांचे काच बसवणाऱ्यांशी करार असतात, तिथं काम लवकर होतं आणि कंपनीला स्वस्त पडतं. पण कॅशलेस, म्हणजे बिल विमा कंपनीनं परस्पर गॅरेजला भरणं, ही सोय आहे, सक्ती नाही. तुम्ही गाडीच्या अधिकृत वर्कशॉपला नेऊ शकता, खिशातून भरून नंतर बिलं देऊन पैसे घेऊ शकता. तसं करायचं असेल तर आधी लेखी मंजूर रक्कम मागून घ्या, नाहीतर बिल २८ हजारांचं आणि मंजुरी १४ हजारांची, असा घोळ होतो.

मधला मार्गही असतो. मंजूर रक्कम आणि कंपनीच्या काचेची किंमत यातला फरक तुम्ही भरायचा. फरक हजार-दीड हजाराचा असेल तर मी भरायलाच सांगतो. त्यासाठी पंधरा दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही. फरक मोठा असेल आणि गाडीत कॅमेरा असेल तर मात्र सोडू नका.

एक गोष्ट स्थानिक. कमी खपाच्या मॉडेलची काच सोलापुरात स्टॉकला नसते, पुण्याहून येते. 'दहा दिवस लागतील, ही आत्ता आहे' असं ऐकून लोक मान्य करतात. ऑर्डर टाकल्याची पावती आणि तारीख मागा.

काचेवर घसारा किती कापतात?

शून्य. ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. घसाऱ्याच्या रूढ तक्त्यात रबर, प्लास्टिक, नायलॉन, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, बाकी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. आणि काचेवर काहीच नाही, गाडी कितीही जुनी असो. म्हणजे निव्वळ काचेसाठी झिरो डेप (घसारा न कापण्याचं जोड-कलम) असण्या-नसण्यानं फरक पडत नाही.

मग पैसे कुठं कापले जातात? बीडिंग रबराची, तिच्यावर निम्मे. चिकटवायचं केमिकल कधीकधी कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत टाकून वगळतात. त्यासाठीचा अ‍ॅड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं जोड-कलम) असेल तर मिळतं. आणि सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेमला तुम्ही स्वतः सोसायची रक्कम: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. पॉलिसी घेताना प्रीमियम कमी करायला ऐच्छिक वजावट निवडली असेल तर ती वरून. ऑनलाइन पॉलिसी काढताना पोरानं '७,५०० ऐच्छिक' वर टिक केलेली असते आणि वडिलांना ती क्लेमच्या दिवशी कळते.

आणि हेडलाइटची 'काच' म्हणजे काच नव्हे, प्लास्टिक आहे. तिथं निम्मे कापणार. आरशात काच वेगळी, घर वेगळं. बिलात दोन ओळी करून घ्या.

काचेचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो का?

क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट म्हणजे हा बोनस. साधारणपणे हो, पूर्ण जातो, काच दोन हजारांची असली तरी. काही कंपन्यांच्या पॉलिसीत किंवा बोनस वाचवणाऱ्या अ‍ॅड-ऑनमध्ये नुसत्या काचेच्या क्लेमला सूट असते. पॉलिसीचा तो परिच्छेद काढून वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. एजंट म्हणजे मीही आलो.

हिशेब करून बघू. बोनस पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो, आणि तो फक्त ओन डॅमेज प्रीमियमवर मिळतो. समजा तुमचा ओन डॅमेज प्रीमियम १०,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य, म्हणजे ५,००० जास्त. त्यापुढं २० टक्के, म्हणजे ३,००० जास्त. मग २,५००, मग १,५००, मग ५००. सहाव्या वर्षी पुन्हा जागेवर. एकूण १२,५०० गेले. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी धरा.

आता काच ९,००० ची असेल तर वजावट जाऊन हातात येणार ८,००० आणि बोनसमध्ये जाणार साधारण १२,०००. अशा वेळी खिशातून भरा, हवी ती काच निवडा, सर्व्हेयरची वाटही बघायला नको. उलट काच आणि कॅलिब्रेशन मिळून ३५,००० होत असतील तर डोळे झाकून क्लेम करा. आणि बोनस मुळात शून्य किंवा २० टक्केच असेल, तर गमवायला फारसं काही नाही.

वर्षात आधीच बंपरचा क्लेम झालाय? मग बोनस गेलेलाच आहे, काचही करून घ्या. फक्त वजावट पुन्हा लागेल, कारण घटना वेगळी. आणि झिरो डेप पॉलिसीत वर्षाला क्लेम किती, यावर मर्यादा असू शकते.

छोटा टवका उडालाय, तडा नाही. क्लेम करू?

नको. रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान टवका, चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नसलेला, काचेच्या कडेपासून दूर, असा असेल तर त्यात रेझिन भरून दुरुस्ती होते. बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि मूळ काच तीच राहते; ओरिजिनल मिळवायचा याहून सोपा मार्ग नाही. तोवर टवक्यावर पारदर्शक टेप लावा, धूळ आणि पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही.

पण सोलापूरच्या उन्हाळ्यात हे पुढं ढकलू नका. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ ला, गाडी दुपारभर उघड्यावर तापलेली, आणि बसल्या बसल्या एसी फुल करून काचेवर गार झोत. बाहेरून तापलेली आणि आतून गार झालेली काच ताणते आणि टवक्यातून तडा धावतो. आधी काचा खाली करा, गरम हवा जाऊ द्या, एसी पायाकडं ठेवा.

काहीच लागलं नाही, उभ्या गाडीची काच आपोआप तडकली. मिळेल का?

अवघड जातं. पॉलिसी अपघाती, बाहेरच्या कारणानं झालेल्या नुकसानीला असते. तडा जिथून सुरू झाला तिथं नखानं चाचपून बघा. बारीक खड्डा लागला तर तो दगड आहे, तुमच्या लक्षात आला नाही इतकंच. तोच जवळून फोटोत घ्या. खड्डा नसेल आणि तडा कडेतून निघालेला असेल, तर मागं कधी काच बदलली होती का, फिटिंग कुणाचं, हे प्रश्न येणार. खरं ते सांगा. रचलेली गोष्ट फोटोसमोर टिकत नाही.

बंदमध्ये दगडफेक झाली, किंवा गारपिटीनं काच फुटली तर?

दोन्ही येतं. दंगा, संप, खोडसाळपणे केलेलं नुकसान, वादळ, गारपीट, पूर हे पॉलिसीच्या मूळ यादीतच आहे. दगडफेकीत पोलिसांकडं नोंद करून ठेवा. रस्त्यावरच्या साध्या दगडासाठी एफआयआर लागत नाही, कुणी मागितला तर कोणत्या कलमाखाली ते विचारा.

पॉलिसी संपली होती, नवीन काढली, तडा आधीचाच आहे…

पुढचं वाक्य लिहू नका. खंड पडल्यावर गाडीचे फोटो घेऊनच पॉलिसी निघते आणि तडा त्यात दिसतो. शिवाय ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की बोनसही जातो.

काच बसली. ओरिजिनलच आहे हे कसं ओळखायचं?

खालच्या कोपऱ्यात, बहुधा कडेच्या काळ्या पट्टीजवळ, पांढऱ्या अक्षरांचा छाप असतो. त्यात उत्पादकाचं नाव किंवा चिन्ह, आयएसआयची खूण, त्यासोबत आयएस २५५३ हा सुरक्षा काचेचा मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक, काच लॅमिनेटेड आहे की टफन्ड ते, आणि निर्मितीचं वर्ष-महिना सांगणारा कोड, बरेचदा एक-दोन आकडे आणि काही ठिपके. गाडीच्या कंपनीची काच असेल तर तिचं चिन्हही. आयएसआय खूण नसलेली काच बसवूच देऊ नका. समोरची काच लॅमिनेटेडच लागते, हा नियम आहे.

आता आधी काढलेला तिसरा फोटो शेजारी धरा. उत्पादक तोच आहे? दारकाचेवरचा छापही बघा, नवीन काचेवरचा त्याच्याशी जुळतो का? मग बिलावरचा पार्ट नंबर आणि एस्टिमेटवरचा पार्ट नंबर एक आहे का? गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही या तिन्ही गोष्टी बघून झाल्यावर. पार्ट नंबर कंपनीचा लावून काच दुसरीच बसवलेली असेल, तर ते तुम्हाला इथंच दिसेल.

कॅलिब्रेशनचे पैसे विमा कंपनी देत नाही म्हणते.

काच काढल्याशिवाय कॅमेरा हलला नसता आणि कॅमेरा हलला नसता तर कॅलिब्रेशन लागलं नसतं. म्हणजे तो त्याच दुरुस्तीचा खर्च आहे. मुद्दा सरळ आहे, फक्त एस्टिमेटमध्ये पहिल्यापासून असायला हवा. काम झाल्यावर कॅलिब्रेशनची छापील किंवा स्कॅनरवरची रिपोर्ट मागा. 'चालवून बघितली, ठीक आहे' ही रिपोर्ट नव्हे.

फिल्म लावली होती, तिचे पैसे?

मिळायचे नाहीत असंच धरून चाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणं पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि २०१२ साली सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातली. काळी फिल्म क्लेमच्या फोटोत दिसणं तुमच्या सोयीचं नाही.

अमेरिकेत म्हणे ओरिजिनल पार्टचं वेगळं कलम विकत मिळतं. आपल्याकडं?

तिथल्या काही कंपन्या असं जोड-कलम विकतात, आणि फ्लोरिडासारख्या राज्यात समोरच्या काचेला वजावटही लागत नाही. इंटरनेटवरचे बरेच सल्ले तिथले असतात, ते वाचून इथल्या सर्व्हेयरशी भांडू नका. आपल्याकडं नूतनीकरणाच्या वेळी दोन गोष्टी विचारा: काचेच्या क्लेमनंतर बोनस राहील असा अ‍ॅड-ऑन आहे का, आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये कॅशलेस आहे का. अधिकृत वर्कशॉप कंपनीचेच पार्ट लावतं, त्यामुळं अर्धा वाद तिथंच मिटतो.

सगळं केलं, तरी ऐकत नाहीत. तक्रार कुठं?

आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं, लेखी. सोबत सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या निर्देशांप्रमाणं क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. तारखा उलटल्या असतील तर तक्रारीत तारखाच लिहा, रागाची भाषा नको.

त्याच जोडीला आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद करा. १५५२५५ या टोल-फ्री नंबरवरही होते. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातल्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. सोलापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयात येतो. फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. इथला जिल्हा ग्राहक आयोगही आहे, पण एका काचेसाठी मी आधी लोकपालच सुचवतो.

काच बसवून झाली. लगेच पंढरपूरला निघू का?

केमिकल सुकायला किती वेळ हवा ते बसवणाऱ्यालाच विचारा, आणि तो सांगेल त्याच्या आत गाडी हलवू नका. कोणतं केमिकल वापरलं यावर एक तासही पुरतो आणि काही तासही लागतात. समोरची काच नुसती वाऱ्यासाठी नसते; शेजारच्या सीटची एअरबॅग फुगते ती तिच्यावर टेकून, आणि गाडी उलटली तर छपराला तिचा आधार असतो. पहिले एक-दोन दिवस दार आपटू नका, आपटायचंच असेल तर एक काच थोडी खाली ठेवा. प्रेशरनं धुणं आठवडाभर टाळा.

आणि फास्टॅग. तो जुन्या काचेबरोबर गेला. सोलून नवीन काचेवर चिकटवायचा प्रयत्न करू नका, सोलताना त्यातली तार तुटते. हातात धरून दाखवलेला टॅगही आता काळ्या यादीत जातो. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडून त्याच खात्यावर बदली टॅग मागवा, शिल्लक तशीच राहते. काच बदलायच्या आदल्या दिवशीच मागणी टाकलेली बरी. नाहीतर सावळेश्वरच्या नाक्यावर यूपीआयनं सव्वापट टोल.